चढावर गाडी मागे का येते? क्लच, ऑटोमॅटिक आणि घराजवळचा शेवटचा उतार

गणपतीला आठवडा उरला की आमच्या गुहागर तालुक्यातल्या वाड्यांमध्ये मुंबई-पुण्याच्या गाड्या दिसायला लागतात. गेल्या काही वर्षांत त्यांत बिनक्लचच्या, म्हणजे ऑटोमॅटिक गाड्या बऱ्याच असतात. गेल्या वर्षी माझा चुलतभाऊ अशीच नवी गाडी घेऊन आला. रात्रभर महामार्ग पार केला, घाट उतरला, काही झालं नाही. झालं ते घराच्या शेवटच्या दोनशे पावलांत. आमच्या वाडीचा रस्ता खडा चढाचा, वर जांभ्या चिऱ्यावर श्रावणातलं शेवाळ. मध्येच वासरू आडवं आलं म्हणून दादा थांबला. वासरू गेलं, त्याने ब्रेकवरचा पाय उचलला, आणि गाडी पुढे जायच्या ऐवजी मागे निघाली. पाय पुन्हा ब्रेकवर जाईपर्यंत ती गडग्याला, म्हणजे दगडी कुंपणाला, टेकली होती. मागे कुणी उभं नव्हतं, म्हणून बंपरवर भागलं.

संध्याकाळी वहिनीने विचारलं, "भावोजी, ऑटोमॅटिक गाडी मागे येतेच कशी? आम्हाला तर सांगितलं होतं, काही करावं लागत नाही, नुसतं ॲक्सिलरेटर आणि ब्रेक."

प्रश्न अगदी रास्त होता. गाडी विकताना हे सहसा कुणी नीट सांगत नाही, आणि ड्रायव्हिंग स्कूलमध्ये सपाटीवर शिकलेल्याला चढ भेटतो तो थेट इथेच. म्हणून हे सगळं मुळापासून सांगतो, क्लचवाल्या गाडीसकट. दोन्हींचं मर्म एकच आहे.

इंजिन आणि चाकं: हात धरलाय की सोडलाय?

पेट्रोल-डिझेलच्या इंजिनाची एक खोड आहे. ते थांबून थांबून चालू शकत नाही. गाडी जागेवर उभी असतानाही ते मिनिटाला साधारण सात-आठशे फेरे घेत असतं. त्याहून फारच हळू फिरवलं तर बंद पडतं. चाकांचे फेरे मात्र उभ्या गाडीत शून्य. एक फिरतंय, दुसरं थांबलंय, आणि तरी दोघांना जोडायचं आहे. त्यासाठी मध्ये असं काहीतरी लागतं जे हवं तेव्हा हात धरील आणि हवं तेव्हा सोडील. ते काम क्लचचं.

क्लच म्हणजे समोरासमोर दाबून धरलेल्या दोन तबकड्या. आपण क्लचचं पेडल दाबतो तेव्हा त्या एकमेकींपासून सुटतात. पाय उचलतो तेव्हा पुन्हा चिकटतात. तळहातावर तळहात ठेवून एक हात फिरवून पाहा. सैल धरलेत तर दुसरा हात जागेवर राहतो, थोडा दाब दिलात तर घासत घासत फिरायला लागतो, घट्ट दाबलात तर दोन्ही एकत्र फिरतात. मधली ती घासण्याची अवस्था म्हणजे 'हाफ क्लच'. तळहात जसे तापतात तशी क्लचची प्लेटही तापते, आणि बराच वेळ तशी ठेवली तर जळते. चढावर ट्रॅफिकमध्ये जो करपट वास येतो तो तिचाच.

आता गिअर. पाखाडी, म्हणजे दगडी पायऱ्यांची वाट, चढताना आपण लांब ढांगा टाकत नाही. छोटी पावलं टाकतो. वेग कमी, पण दम पुरतो. पहिला गिअर म्हणजे ती छोटी पावलं, पाचवा म्हणजे सड्यावरच्या, कातळाच्या सपाट माळावरच्या ढांगा. चढाला खालचा गिअर का, हे एवढ्यावरून कळतं. उताराला खालचा गिअर का, हेही यातूनच कळतं, पण त्याबद्दल पुढे. भिजलेली पाखाडी उतरताना तुम्ही कशी पावलं टाकता ते तोवर आठवून ठेवा.

ऑटोमॅटिक म्हणजे एक यंत्र नव्हे

क्लचचं पेडल नाही म्हणजे मधला दुवा नाही, असं नव्हे. तो दुवा आता गाडी स्वतः सांभाळते. कशी सांभाळते, याचे प्रकार वेगवेगळे आहेत आणि चढावर प्रत्येकाचं वागणं वेगळं.

आपल्याकडे स्वस्त गाड्यांमध्ये सर्वांत जास्त दिसतो तो एएमटी. २०१४ मध्ये मारुती सुझुकीच्या सेलेरिओतून तो भारतात आला. हा मुळात साधा क्लचवाला गिअरबॉक्सच. फक्त तुमच्या डाव्या पायाचं आणि डाव्या हाताचं काम एक यंत्र करतं. म्हणजे क्लच आहे, घासतो आहे, तापतोही आहे, फक्त तुम्हाला दिसत नाही. दादाची गाडी हीच.

दुसरा जुना आणि मुरलेला प्रकार टॉर्क कन्व्हर्टरचा. यात तबकड्या घासत नाहीत, मध्ये तेल असतं. ताकाच्या भांड्यात रवी फिरवली की ताक फिरतं. त्या फिरत्या ताकात दुसरी मोकळी रवी सोडली तर तीही फिरू लागते. इंजिन पहिली रवी फिरवतं, दुसरी चाकांकडे जाते. ब्रेक दाबून दुसरी धरून ठेवली तरी पहिली फिरत राहते, म्हणून इंजिन बंद पडत नाही. आणि ब्रेक सोडला की सपाटीवर गाडी आपोआप हळूहळू पुढे सरकू लागते. हे सरकणं लक्षात ठेवा, त्यामुळे माणसं जखमीही होतात.

सीव्हीटीत ठरावीक गिअर नसतात; दोन कमी-जास्त होणाऱ्या कप्प्यांवर पट्टा असतो. डीसीटीत दोन क्लच असतात, एक गिअर चालू असताना पुढचा तयार ठेवला जातो. तुमची गाडी यांतली कुठली, हे मालकाच्या पुस्तिकेत सापडेल. ते शोधायला पाच मिनिटं लागतात, तेवढी जरूर काढा.

गाडी सुरू करण्याआधीची दोन मिनिटं

गाडीभोवती एक फेरी मारा. शहरात हे वेडेपणाचं वाटतं, गावात नाही. गाडीखालच्या सावलीत कुत्रं निजलेलं असतं, पाठीमागे पोरं खेळत असतात, पावसात मांजर बोनेटच्या उबेला जाऊन बसतं.

मग आसन. क्लच पूर्ण दाबल्यावरही गुडघा किंचित वाकलेला राहिला पाहिजे; पाय ताणावा लागत असेल तर चढावर क्लच नीट सांभाळता येणार नाही.

क्लचवाली गाडी: हँडब्रेक वर, गिअर न्यूट्रलमध्ये हलवून पाहायचा, तरीही क्लच पूर्ण दाबूनच चावी फिरवायची. उतारावर लावलेली गाडी बहुधा गिअरमध्ये ठेवलेली असते. क्लच न दाबता चावी मारली की ती उडी घेते. ऑटोमॅटिक: उजवा पाय ब्रेकवर घट्ट, दांडा 'पी' (पार्किंग) किंवा 'एन'वर (न्यूट्रल), मग बटण. दुसऱ्या कुठल्या जागी दांडा असेल तर गाडी सुरूच होत नाही. ही खोट नव्हे, मुद्दाम केलेली सोय आहे.

सुरू केल्यावर समोरचे दिवे विझतात का पाहा. लाल दिवा राहिला, विशेषतः तेलाचा किंवा हँडब्रेक सोडल्यावरही ब्रेकचा, तर निघू नका. पिवळा असेल तर गाडी चालते, पण लवकर दाखवून घ्यायची. आणि जुन्या सवयीने दहा मिनिटं जागेवर गरम करत बसायची गरज आताच्या गाड्यांना नाही. अर्धा मिनिट पुरे, मग पहिले दोन-तीन किलोमीटर हलक्या पायाने. बंद शेडमध्ये तर इंजिन चालू ठेवून थांबूच नका. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

चढावर उभी गाडी पुढे कशी न्यायची

क्लचवाल्या गाडीत हे हँडब्रेकने करायचं. हँडब्रेक ओढलेला, क्लच पूर्ण दाबून पहिला गिअर. थोडा ॲक्सिलरेटर द्या आणि क्लच हळूहळू वर आणा. एका जागी इंजिनाचा आवाज जड होतो, गाडीचं नाक किंचित उचललं जातं. तबकड्यांनी एकमेकींना धरलं ते हेच. पाय तिथेच थांबवा आणि आता हँडब्रेक सोडा. गाडी एक इंचही मागे येत नाही. पाच-दहा वेळा केलं की पायाला ती जागा ओळखू येते.

एएमटीमध्येही नेमकं हेच करायचं असतं, आणि दादाचं चुकलं ते इथेच. त्याने पाय ब्रेकवरून उचलून ॲक्सिलरेटरवर न्यायच्या मधल्या सेकंदाला यंत्राने क्लच अजून धरलेला नव्हता. हात सुटलेला, वजन मागे खेचतंय, गाडी मागे येणारच. काही गाड्यांत हिल होल्ड नावाची सोय असते. ती ब्रेक सोडल्यावरही दोन-तीन सेकंद ब्रेक धरून ठेवते. तुमच्या गाडीत ती आहे की नाही हे आधी माहीत हवं, आणि असली तरी तिची मुदत दोन-तीन सेकंदांचीच असते. नसेल तर उपाय तोच जुना: हँडब्रेक ओढा, 'डी'त (ड्राइव्ह, म्हणजे पुढे जायची जागा) घाला, ॲक्सिलरेटर हलका दाबा, गाडी पुढे ओढायला लागल्याचं जाणवलं की हँडब्रेक सोडा.

टॉर्क कन्व्हर्टरवाली गाडी हलक्या चढावर नुसत्या 'डी'वर तग धरते. खड्या चढावर तीही मागे येते. मग कुठला चढ हलका आणि कुठला खडा, याचा अंदाज करत बसण्यापेक्षा सरळ हँडब्रेक वापरावा असं माझं मत आहे.

आणि एक गोष्ट कुणीच करू नये: चढावर थांबलेली गाडी ॲक्सिलरेटरवर तोलून धरणं. पुढची रांग हलेपर्यंत तसं धरलं की क्लचवाल्या गाडीची, एएमटीची आणि डीसीटीची प्लेट तापत राहते. थांबायचं तर ब्रेकवर थांबा.

हे सगळं एका जागी पाहायचं असेल तर दाभोळ-धोपावेच्या फेरीबोटीवर या. वाशिष्ठीच्या मुखाशी जेटीचा उतार, ओहोटी असेल तर तो जास्त लांब आणि खालचा भाग शेवाळलेला. पुढे लोखंडी फळी, मागे गाड्यांची रांग, बोटीवरचा माणूस हात करतोय. घाईत जोरात ॲक्सिलरेटर दिला की ओल्या उतारावर चाकं जागेवर फिरतात. पुढच्या गाडीला बोटीवर पूर्ण चढू द्या, मध्ये अंतर ठेवा, आणि हँडब्रेकवरून निघा. बोटीत गाडी लावल्यावरही हँडब्रेक ओढून क्लचवाली गाडी गिअरमध्ये ठेवा, ऑटोमॅटिक 'पी'त.

उतरताना: ब्रेक कुठे जातो?

ब्रेक गाडीचा वेग गिळतो आणि त्याची उष्णता करतो. किती उष्णता? माणसांसकट बाराशे किलोची गाडी सहाशे मीटर उंचीचा घाट उतरली, असं धरू. तेवढी सगळी शक्ती उष्णतेत गेली तर साधारण २२ लिटर गार पाणी उकळेल. म्हणजे आपला न्हाणीघरातला बंब चार चाकांच्या आत पेटवला असं समजा. वारा आणि रस्ता त्यातला काही वाटा उचलतात, उरलेला ब्रेक तरी उचलतो नाहीतर इंजिन.

सगळा भार ब्रेकवर टाकला तर ब्रेकची लायनिंग तापून पकड सोडते. त्याहून वाईट म्हणजे ब्रेकचं ऑइल उकळू शकतं. नेहमीच्या डॉट ३ ऑइलचा उत्कलनबिंदू नवं असताना किमान २०५ अंश असतो, पण हे ऑइल हवेतला ओलावा शोषतं आणि ओलावा शोषलेल्या ऑइलचा किमान १४० अंशांवर येतो. ऑइल उकळलं की नळीत वाफेचे बुडबुडे होतात. पेडल दाबलं की बुडबुडे दबतात, ब्रेक लागत नाही. आपल्या दमट हवेत राहणाऱ्या गाडीचं ब्रेक ऑइल दोन वर्षांत बदललंच पाहिजे, गाडी कितीही कमी चालली तरी.

यावर उपाय म्हणजे इंजिनाला ओझं वाटून देणं. खालच्या गिअरमध्ये चाकं इंजिनाला फिरवतात आणि इंजिन त्यांना मागे ओढतं. ओल्या पाखाडीवरची छोटी पावलं ती हीच. जुने ट्रक ड्रायव्हर सांगतात, ज्या गिअरमध्ये घाट चढलास त्याच गिअरमध्ये उतर. कुंभार्लीला, आंब्याला, आंबोलीला हा नियम आजही चालतो. कशेडीचा बराच त्रास बोगद्याने वाचवला, पण सह्याद्री ओलांडायचा तर बाकीचे घाट आहेतच.

ऑटोमॅटिकमध्ये 'डी'वर ठेवून उतरलात तर वेग वाढला की गाडी स्वतःच वरचा गिअर टाकते, कारण तिला पुढचं वळण दिसत नाही. म्हणून एएमटीत दांडा 'एम'वर (मॅन्युअल, म्हणजे गिअर आपण निवडायचा) घेऊन दुसरा गिअर धरा. इतर गाड्यांत 'एल', 'एस' किंवा '२' असं लिहिलेलं असेल. मग वळणाआधी ब्रेक थोडा जोरात दाबून वेग कमी करा आणि पाय पूर्ण उचला. हलका पाय सतत ब्रेकवर ठेवणं सर्वांत वाईट, ब्रेकला निवायला वेळच मिळत नाही.

"पण न्यूट्रलवर सोडली की पेट्रोल वाचतं ना?"

नाही. ही समजूत कार्ब्युरेटरच्या काळातली आहे. आताच्या गाडीत गिअर असताना तुम्ही ॲक्सिलरेटर सोडला की चाकंच इंजिन फिरवतात, आणि संगणक इंजिनाचं पेट्रोल पूर्ण तोडतो. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिनाला स्वतःला चालू ठेवायला पेट्रोल लागतंच. म्हणजे न्यूट्रलवर उतरलात तर पेट्रोलही जळतं आणि इंजिनाचा हातही सुटतो.

कुणी त्याच्याही पुढे जाऊन इंजिनच बंद करतात. ब्रेक दाबायला जी मदत मिळते ती इंजिनाच्या जोरावर मिळत असते. इंजिन बंद झाल्यावर एक-दोनदा ब्रेक नेहमीसारखा लागतो, मग पेडल दगडासारखं होतं. स्टेअरिंग जड होतं, आणि चावी काढली तर ते कुलूपबंदही होऊ शकतं. घाटात हे करणाऱ्याच्या गाडीत मी बसत नाही, मग तो कितीही जवळचा नातेवाईक असो.

अरुंद रस्त्यावर दोन गाड्या समोरासमोर आल्या तर उतरणाऱ्याने थांबायचं, चढणाऱ्याला वाट द्यायची. कारण वर सांगितलंच: चढावर थांबलेल्याला पुन्हा निघणं जड जातं.

"'पी' आहे, मग हँडब्रेक कशाला?"

'पी' म्हणजे ब्रेक नव्हे. गिअरबॉक्सच्या आतल्या दातेरी चाकात एक लहानसा खिट्टीसारखा तुकडा अडकतो, एवढंच. उतारावर सगळ्या गाडीचं वजन त्या खिट्टीवर आलं तर दांडा काढताना खाडकन आवाज होतो, आणि कधी तो निघतच नाही. क्रम असा ठेवा: पाय ब्रेकवर, दांडा 'एन'वर, हँडब्रेक ओढा, पाय हळू उचलून गाडीचं वजन हँडब्रेकवर बसू द्या, मग पुन्हा ब्रेक दाबून 'पी'.

बहुतेक एएमटी गाड्यांत 'पी' नसतोच. तिथे गाडी गिअरमध्ये ठेवून बंद करायची आणि हँडब्रेक. क्लचवाल्या गाडीत तोंड चढाकडे असेल तर पहिला, उताराकडे असेल तर रिव्हर्स. शिवाय चाकाला चिऱ्याचा तुकडा लावा. चाकं अशी वळवा की गाडी सुटलीच तर गडग्याकडे जाईल, दरीकडे नाही. आणि निघताना तो दगड उचलून बाजूला टाका. घाटात असे सोडून दिलेले दगड रात्री दुचाकीस्वाराच्या चाकाखाली येतात.

एक उलट गोष्टही सांगायला हवी. पावसाळ्यात खळ्यात पंधरा दिवस गाडी उभी राहणार असेल आणि जागा पूर्ण सपाट असेल, तर हँडब्रेक ओढून ठेवू नका. ओलाव्याने मागचे ब्रेक गंजून धरून बसतात. गिअर किंवा 'पी', आणि पुढे-मागे दगड.

बेडं, म्हणजे आवाराचं फाटक, उघडायला खाली उतरताना गाडी 'डी'त ठेवून हँडब्रेकशिवाय उतरणं हा या सगळ्यातला सर्वांत मोठा धोका. ब्रेकवरचा पाय निघाला की ती सरकणारच, आणि पुढे तुम्हीच असता. मोटार वाहन कायद्याचं कलम १२६ हेच सांगतं: चालक जागेवर नसेल तर इंजिन बंद आणि ब्रेक लावलेला हवा.

"दोन पेडल, दोन पाय, मग डावा पाय ब्रेकवर का नको?"

कारण डाव्या पायाला क्लचची सवय आहे, आणि क्लच पूर्ण दाबायचा असतो. घाबरल्यावर तो ब्रेक तसाच दाबतो, मागची गाडी येऊन आदळते. नाहीतर दोन्ही पाय एकदम दाबले जातात. डावा पाय डाव्या कोपऱ्यातल्या टेकूवर ठेवा आणि तो विसरून जा. उजव्या पायाची टाच ब्रेकसमोर, ॲक्सिलरेटरकडे फक्त पंजा वळवायचा.

पाण्यात बंद पडली तर

२२ जुलै २०२१ ला चिपळुणात पाणी भरलं तेव्हा असंख्य गाड्या बुडाल्या. अशी पाण्यात राहिलेली गाडी सुरू करून पाहू नका. वहाळ ओलांडताना मध्येच बंद पडली तरीही. इंजिनात हवेच्या वाटेने पाणी गेलेलं असतं. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही, आणि आतले लोखंडी दांडे वाकतात. बॅटरीची तार काढा आणि मेकॅनिकला बोलवा. क्लचवाली गाडी नुसती बॅटरी उतरल्यामुळे बंद असेल तर धक्का मारून दुसऱ्या गिअरवर सुरू करता येते. ऑटोमॅटिकला धक्का मारून उपयोग नाही. दोरीने टोचन करून लांब नेऊही नका, इंजिन बंद असताना बऱ्याच ऑटोमॅटिकच्या गिअरबॉक्समध्ये तेल फिरत नाही. ती उचलून नेणारी गाडी बोलवायची. बॅटरी उतरली तर दुसऱ्या गाडीच्या बॅटरीला जोडायची तार, म्हणजे जंपर केबल, फिरायला निघताना बरोबर ठेवा.

शिकावं कुठल्या गाडीवर?

मला विचाराल तर क्लचवाल्या. पुढे आयुष्यभर ऑटोमॅटिक चालवलीत तरी, हात धरलाय की सुटलाय हे पायाला एकदा कळलेलं असतं. पण गुडघा दुखणारी, पाय अधू असलेली किंवा क्लचच्या धास्तीने वीस वर्षं गाडीला हात न लावलेली माणसं ऑटोमॅटिकमुळे गाडी चालवू लागली आहेत, आणि त्यांना कमी लेखायचं काही कारण नाही. त्यांनी चढावरचा हँडब्रेक तेवढा शिकून घ्यावा.

सरावाला समुद्राची पुळण नको. भरती आली की तिथे गाड्या अडकतात, दरवर्षी अडकतात. सडा चांगला, मोकळा आणि सपाट. आणि मग एखादा छोटा सुका चढ, मागे कुणी नाही असा. वहिनीला मी गणपतीच्या पाचव्या दिवशी विसर्जन झाल्यावर तिथेच नेलं. पहिल्या खेपेला हँडब्रेक लवकर सुटला, गाडी हातभर मागे आली. चौथ्या खेपेला तिने काच खाली केली, इंजिनाचा आवाज ऐकला, "आता ओढतेय," म्हणाली आणि हँडब्रेक सोडला. मुंबईला परतताना जेटीवर गाडी बोटीत चढवली ती तिनेच, दादा शेजारच्या सीटवर बसून होता.